बीपीची गोळी खानदान विचारत नाही
(काटोल येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

 

सभेआधी इथल्याच एका तरुणाने मला गाठलं. म्हणाला, "सर, बीपी आपल्या लोकांच्या रक्तातच असतं ना? अब्बांनी तर गोळीच सोडली. म्हणतात, दादांना होतं, मलाही आहे, गोळीने काय होणार?" आज मी तुमच्याशी याच 'रक्तातच असतं'बद्दल बोलणार आहे.

रक्तात काहीतरी असतं, हे खरंच आहे. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरश्टेट आणि बर्गमन यांना सशाच्या किडनीत रक्तदाब वाढवणारा एक पदार्थ सापडला. त्याला त्यांनी रेनिन हे नाव दिलं. शरीरात मीठ-पाणी कमी झालं की किडनी रेनिन सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. त्याच्याच हुकमाने किडनीवरची अॅड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे हार्मोन सोडते, आणि ते मीठ धरून ठेवतं. काहींचं शरीर मुळातच मीठ जास्त धरतं. त्यांचं रेनिन झोपलेलं असतं, तरी दाब चढलेलाच राहतो.

आफ्रिकी वंशाच्या लोकांत असं कमी रेनिन सरासरीने जास्त आढळतं. म्हणून रेनिनची साखळी तोडणाऱ्या 'प्रिल' आणि 'सार्टन' गोळ्या एकट्या दिल्या तर त्यांच्यावर कमी चालतात. २०१९ साली आफ्रिकेतल्या सहा देशांत ७२८ रुग्णांवर अभ्यास झाला. अॅम्लोडिपिन असलेल्या दोन्ही जोड्या तिथे सरस ठरल्या. ब्रिटनचे डॉक्टर तर पहिली गोळी निवडताना वय आणि वंश दोन्ही बघतात.

मग आपलं काय? भारतात ३२ रुग्णालयांत १९८१ रुग्णांवर असाच अभ्यास झाला. दोन-दोन औषधांच्या तीन जोड्या एकाच गोळीत घालून दिल्या. तिन्हींनी दाब जवळपास सारखाच उतरला. सहा महिन्यांनी सुमारे ७० टक्के लोक १४०/९० च्या खाली होते. म्हणजे जोडी कोणती यापेक्षा ती रोज घेतली का, हे महत्त्वाचं. काटोलच्या खान साहेबांना एक आणि शेजारच्या देशमुखांना वेगळी, असा हिशेब यात कुठे नाही.

वंशाची सरासरी तरी किती ताणायची? १९९७ साली रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी एकाच पश्चिम आफ्रिकी मुळाचे लोक तीन ठिकाणी तपासले. पश्चिम आफ्रिकेत १६ टक्क्यांना उच्च रक्तदाब, कॅरिबियनमध्ये २६, अमेरिकेत ३३. मूळ तेच, पण आकडा दुप्पट. मीठ, वजन, कामाचं स्वरूप आणि जगण्याचा ताण रक्ताच्या जोडीला येतात. आपल्या दस्तरख्वानावर गोश्तपेक्षा मला लोणचं, पापड आणि पाकिटातलं नमकीन जास्त खटकतं.

आता तुमच्या वयाची गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते औषध घेत होते. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. कुणाचा विशी-तिशीतच दाब जास्त असेल, पोटॅशियम कमी येत असेल किंवा तीन गोळ्यांनीही उतरत नसेल, तर डॉक्टरांना विचारा: "अल्डोस्टेरॉन आणि रेनिन तपासायचं का?" अल्डोस्टेरॉन स्वतःच बेलगाम झालेलं असू शकतं. त्याचा वेगळा इलाज आहे, तरी ही तपासणी राहून जाते. बहिणींनो, मूल हवं असेल तर 'प्रिल'-'सार्टन' चालू असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा. गरोदरपणात त्या चालत नाहीत.

रमजानमध्ये गोळ्या सोडू नका. बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच असतात. इफ्तारला की सेहरीला घ्यायची, हे महिनाभर आधी ठरवून घ्या. लघवी वाढवणारी गोळी असेल तर नक्कीच विचारा.

त्या मुलाचे अब्बा आज आलेले नाहीत. दाराजवळच्या टेबलावर मशीन ठेवलंय. चहा-सिगारेटनंतर अर्धा तास थांबा, पाच मिनिटं शांत बसा, मग दंड पुढे करा. पहिला आकडा जास्त आला तर घाबरू नका, दोन वेगळ्या दिवशी पुन्हा मोजा. आणि जाताना मशीन त्याच्या घरी न्यायचंय, सोबत कोण येतंय?