नकाशातली विहीर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला संगणकावरील खेळाविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा पुष्कळजणींनी एकमेकींकडे पाहिले. ते माझ्या नजरेतून सुटले नाही! पण मी आज सांगणार आहे ते संगणकापेक्षा मांडणीविषयी आहे, आणि मांडणी हा तर आपल्या घरचा विषय.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी सातवीतली नात माझ्याकडे राहावयास आली होती. तिला पायथन ही संगणकाची भाषा शाळेत शिकवतात. एके दिवशी ती म्हणाली, "आजी, मला नकाशावर चालायचा खेळ करायचाय. नकाशा कुठला घेऊ?" मी म्हटले, "माझ्या माहेरचा घे." कोकणातले ते घर पूर्वीच विकले गेले, तिने ते पाहिलेले नाही. चौकोनी रकान्यांच्या वहीवर मी ते काढून दिले. दहा घरे रुंद, आठ ओळी उंच. मध्ये घर, बाजूला गोठा, मागे विहीर, खालच्या ओळीत पाणंद, भोवती गडगा आणि वरच्या बाजूस गडग्याला पडलेले एक खिंडार. खेळ असा की मुलीने पडवीतून कळशी घ्यावी, विहिरीवर पाणी भरावे आणि मारक्या म्हशीला चुकवून परत यावे.

नातीने सारा खेळ एकाच लांबलचक मजकुरात लिहिला. नकाशा म्हणजे अक्षरांच्या आठ ओळी. वाटेला टिंब, विहिरीला एक अक्षर, मुलीला दुसरे. मुलगी सरकली की नव्या घरात तिचे अक्षर लिहावयाचे आणि जुन्या घरात टिंब. बरे चालले होते. पण मुलगी विहिरीवर जाऊन पुढे निघाली, आणि पाहते तो विहीरच नाही! तेथे नुसते टिंब. नातीने चार "जर-तर" वाढवले, तेव्हा विहीर परत आली. पण म्हैस गोठ्यावरून गेली की गोठा पुसला जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी ती वही मिटून म्हणाली, "मला हे जमणारच नाही."

भगिनींनो, हे वाक्य मी गणिताच्या वर्गात वर्षानुवर्षे मुलींच्या तोंडून ऐकले आहे. बहुतेक वेळा उणीव बुद्धीची नसते, मांडणीची असते. मी संगणक बंद करविला, कोरा कागद घेतला आणि तिला विचारले, "या खेळात कोण कोण आहे? कोणाला काय ठाऊक असावे? आणि कोणी काय करावे?"

संगणकाच्या जगात हाच विचार नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्युगार्ड या दोघांनी ओस्लो येथे सिम्युला नावाच्या भाषेत मांडला. तिच्या 1967 च्या आवृत्तीत क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना प्रथम स्पष्ट झाल्या. क्लास म्हणजे मोदकाचा साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेला एकेक मोदक. साचा एक, मोदक अनेक, आणि प्रत्येकाचे सारण त्याचे त्याच्यापाशी. पुढे अमेरिकेत स्मॉलटॉक ही भाषा याच विचारावर उभी राहिली. ती घडविणाऱ्यांत अडेल गोल्डबर्ग या बाई होत्या आणि त्यांनी शाळकरी मुलांनाही ती शिकविली.

आमच्या कागदावर चार नावे आली. नकाशा, मुलगी, म्हैस आणि चित्र काढणारा. नकाशाला फक्त जमीन ठाऊक: विहीर कोठे, गडगा कोठे. मुलगी कितव्या ओळीत, कितव्या घरात उभी आहे, हे मुलीनेच लक्षात ठेवावयाचे, म्हशीचे म्हशीने. चित्र काढणाऱ्याने आधी नकाशा काढावा, मग वर या दोघींना ठेवावे, आणि नकाशात काहीही खोडू नये. सारीपाटावरची सोंगटी उचलली की खालचे घर जसेच्या तसे असते, तसेच हे. विहीर पुसली जाण्याचा प्रश्नच मिटला.

दुसरी गोष्ट. मुलीने पाऊल टाकण्यापूर्वी नकाशाला विचारावे, "येथे जाता येईल का?" स्वतः नकाशाच्या ओळी उपसू नयेत. शेजारणीकडे वाटीभर साखर मागावयास गेलो, तर आपण तिच्या फडताळात हात घालीत नाही, तिला विचारतो. तिने डबा कोठे हलविला, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते.

याचा फायदा लगेच दिसला. मुलगी वरच्या खिंडारातून बाहेर गेली की खालच्या पाणंदीत उगवे! पायथनमध्ये ओळींची मोजणी शून्यापासून होते आणि उणे एक म्हणजे शेवटची ओळ, म्हणून हा घोटाळा. "नकाशाच्या बाहेर असेल तर नाही म्हण" एवढे नकाशाला एकाच ठिकाणी सांगितले, आणि मुलगी व म्हैस दोघीही ताळ्यावर आल्या.

तिसरी गोष्ट वारशाची. मुलगी आणि म्हैस दोघी चालतात. म्हणून "चालणारा" असा एक साचा केला आणि दोघींना तो वारशाने दिला. मुलगी कळीचे ऐकते, म्हैस आपल्या मनाने फिरते, एवढाच फरक. वारसा सापडताच नात कळशीचीसुद्धा वंशावळ मांडू लागली! मी म्हटले, "मुलगी चालणारी आहे, पण मुलगी कळशी आहे का? तिच्याजवळ कळशी आहे." जेथे "आहे" म्हणता येते तेथे वारसा चालेल, जेथे "जवळ आहे" म्हणावे लागते तेथे वस्तू नुसती हाती द्यावी. आणि टिंबाटिंबाला साचा करीत बसू नये. दोन माणसांच्या स्वयंपाकाला पंगतीची भांडी कशाला काढावयाची?

आपल्या पायांखालच्या जागेचा खेळ करणे ही काही आमचीच कल्पना नव्हे. अमेरिकेतील केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची प्रचंड गुहा आहे. ती स्वतः हिंडलेल्या विल क्राउदर यांनी 1975-76 च्या सुमारास आपल्या मुलींसाठी त्या गुहेवरून संगणकाचा खेळ लिहिला. तो पुढे जगभर खेळला गेला.

सुट्टी संपता संपता नातीने म्हटले, "आजी, आता परसात फणस लावू या." फणसासाठी फक्त नकाशात एक अक्षर बदलावे लागले, मुलीला, म्हशीला कोणाला हात लावावा लागला नाही. मग तिने विचारले, "आणि विहिरीला पायऱ्या किती होत्या गं?" मला क्षणभर डोळे मिटून त्या मोजाव्या लागल्या.

तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. आपली मुलगी किंवा नात वही मिटून बसली, तर संगणक येत नाही म्हणून आपण मागे सरू नका. तिच्याशेजारी बसा आणि विचारा, "कोण कोण आहे, आणि कोणाचे काम कोणते?" हा प्रश्न विचारावयास आपल्यापेक्षा अधिक अनुभवी कोण आहे?