लहान मेळ आणि मोठा मेळ

वऱ्हाडांतील शेगांव हें श्रीगजानन महाराजांच्या समाधीमुळें साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. महाराज तेथें १८७८ सालीं प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले व १९१० सालीं समाधिस्थ झाले. दरवर्षीं आषाढीकरितां तेथून पालखी पायीं पंढरपुरास जाते. अशा क्षेत्रीं एकच अभंग तीन परींनीं गाइला जातो: एकट्यानें एकतारीवर, दहा-बारा जणांनीं बैठकींत, आणि शेकडोंनीं दिंडीत. शब्द तेच, चालहि बहुधा तीच. तथापि तिन्ही ठिकाणीं रचना निराळीच करावी लागते.

एकट्या गायकास पूर्ण मोकळीक असते. शब्दावर थांबावें, एखादी हरकत घ्यावी, लय ओढावी. एकतारीची तार मुकाट्यानें सोबत करते.

बैठकींत दुसऱ्यांचा विचार आला. नायकास पांढरी चार सोसत असली, तरी ध्रुपद उचलणाऱ्यांचे गळे तेथें ताणतात. म्हणून सूर काळी एकपर्यंत उतरवावा लागतो. पेटी, मृदंग आणि टाळ ही सर्वच वाद्यें अखंड भरून वाजलीं, तर शब्द बुडतो. जाणते भजनी कामाची वांटणी करतात. शब्द चालू असतां मृदंग साधा ठेका धरतो आणि ध्रुपदास खुलतो. पेटी ओळीच्या शेवटीं उरलेली जागा भरते.

दिंडीत अडचण वेगळीच. एकाचे दहा गाणारे झाले, म्हणजे आवाज दसपट भासत नाहीं. कानास तो सुमारें दुपटीनेंच मोठा वाटतो. उलट टाळांच्या तीव्र नादानें व्यंजनें झांकलीं जातात. शिवाय ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो. रांग ७० मीटर लांबली, कीं पुढचा ठेका मागें पोंचण्यास सुमारें एक पंचमांश सेकंद लागतो. द्रुत लयींत मात्रा अर्ध्या सेकंदाची असल्यास हा फरक मात्रेच्या दोन पंचमांशांइतका होतो, आणि ताल फुटतो.

वारकरी परंपरेंतील मांडणी या अडचणीस चांगली पुरी पडते. मोठा समाज अनेक दिंड्यांत विभागलेला असतो. पुढें पताकाधारी, त्यामागें टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्या मध्यें मृदंग आणि मागें विणेकरी. मृदंग मध्यें असल्यानें त्याचा ठेका दोन्ही टोकांस जवळजवळ सारख्याच वेळीं पोंचतो. विणेकऱ्यानें चरण म्हणावा व समाजानें उचलावा. हरकती आपोआप गळतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढें समाजआरतीच्या वेळीं चोपदार दंड उंचावतो आणि सारे टाळ तत्क्षणीं थांबतात. युरोपीय वाद्यवृंदांतील संचालकाचें काम येथें स्वरलिपीवांचून होतें.

हाच प्रश्न राष्ट्राच्या गाण्यासहि सुटला नाहीं. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनीं 'वंदे मातरम्' समूहास गातां यावें आणि बँडवर वाजवितां यावें, अशी त्याची रचना केली. कारण तें गीत बँडवर नीट बसत नाहीं, हा त्यावरील एक मुख्य आक्षेप होता. पुढें १९५० च्या २४ जानेवारीस राष्ट्रगीत म्हणून 'जन गण मन' ठरलें व 'वंदे मातरम्' यास समान मान मिळाला.

ध्वनिवर्धकानें आवाज वाटेल तेवढा वाढवितां येतो. अर्थ मात्र त्यानें वाढत नाहीं. मेळ मोठा करतांना वाद्यें किती घ्यावींत यापेक्षां काय गाळावें, हें आधीं ठरविलें पाहिजे. शेवटच्या रांगेंतील वारकऱ्याच्या कानीं अभंगाचा शब्द स्पष्ट पडला, तरच ती रचना साधली. तो न पडला, तर हजारों टाळ वाजूनहि त्याच्या वांट्यास केवळ गोंगाट येतो.