पिल्लांच्या खाद्यात तेल : कोणतं, किती आणि कधी?

आज कोंबड्यांच्या खाद्यातल्या तेलाविषयी बोलायचं आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

गेल्या वर्षी गटारीच्या बाजारासाठी आमच्या गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज काढून 100 पिल्लं आणली. तेलानं वजन लवकर वाढतं, असं मी ऐकलं होतं. म्हणून मीच त्यांना सांगितलं, वडे तळून उरलेलं तेल स्वस्तात मिळतंय, ते खाद्यात घाला. त्यांनी पहिल्या आठवड्यापासून घातलं. पिल्लांची विष्ठा चिकट झाली, तुसाची गादी ओली राहू लागली, 14 पिल्लं मेली. उरलेली वजनाला उशिरा आली आणि गटारी हुकली. कापल्यावर पोटात पिवळी चरबीच चरबी. गिऱ्हाईक म्हणालं, ‘‘आम्ही मटणाचे पैसे देतो, चरबीचे नाही.’’

पशुवैद्यक डॉक्टरांना विचारलं, तेव्हा कारणं कळली.

तेलकट भांडं नुसत्या पाण्यानं निघत नाही, त्याला साबण लागतो. पोटात साबणाचं हे काम पित्त करतं. ते तेलाचे बारीक थेंब करतं, मग पाचकरस ते फोडतो आणि आतडं शोषून घेतं. पहिले दोन आठवडे पिल्लाचं पित्त आणि पाचकरस कमी असतो. तेव्हा जास्त तेल घातलं, तर ते न पचता विष्ठेतून बाहेर पडतं.

सगळी तेलं सारखी पचत नाहीत. सोयाबीन, सूर्यफूल यांची पातळ तेलं सोपी जातात. थंडीत गोठणारं पामतेल किंवा जनावराची चरबी पिल्लाला जड जाते. मोठ्या पक्ष्याला ती बऱ्यापैकी पचते, आणि सोबत थोडं पातळ तेल असलं तर जास्त चांगली पचते.

आता मटणाचं बघा. शेळीच्या पोटातले जंतू खाल्लेल्या तेलाचं रूप बदलून टाकतात. कोंबडीचं तसं नाही. तिनं जे तेल खाल्लं, तसलीच चरबी अंगात साठते. पातळ तेल जास्त झालं की चरबी मऊ होते आणि मटण लवकर खवट होतं. जवसानं मटणातलं ओमेगा-3 वाढतं, पण जवस किंवा सुकट जास्त झाली तर मटणाला माशासारखा वास येतो.

आणि पोटात चरबी का साठली? तेलात धान्याच्या दुपटीहून जास्त ताकद असते. पक्ष्याचं पोट लवकर भरतं, तो खाद्य कमी खातो, म्हणून प्रथिनं कमी पडतात. मग मांस वाढत नाही, चरबी साठते.

म्हणून एवढं पाळा :

पहिले दोन आठवडे तयार स्टार्टर खाद्यच द्या. त्यात तेल हिशेबानं घातलेलं असतं, वरून घालू नका.

घरी खाद्य बनवत असाल, तर मोठ्या पक्ष्यांना 10 किलोला 200 ग्रॅम ताजं तेल पुरे. सोबत सोयाबीन पेंडीचं प्रमाण वाढवा. जवस 10 किलोला पाव किलोच्या वर नको.

तळून उरलेलं, खवट तेल मुळीच नको. त्यानं खाद्यातलं ई जीवनसत्त्व नासतं, आणि ते कमी पडलं की पिल्लं झोकांड्या खातात, मान वाकडी होते. भाताचा कोंडाही लवकर खवट होतो, ताजाच वापरा. तेल मिसळलेलं खाद्य आठवड्यापुरतंच करा आणि सावलीत झाकून ठेवा.

विक्रीच्या आधी दोन आठवडे जवस आणि सुकट बंद करा.

त्या ताईंचे हप्ते तीन महिने थकले. बैठकीत मी उभी राहून सांगितलं, सल्ला माझा होता. गटानं मुदत वाढवून दिली. यंदा त्यांनी पुन्हा पिल्लं आणली आहेत आणि खाद्य वजनकाट्यावर मोजून मिसळतात. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. ऐकीव सल्ला कर्जाच्या पैशावर करून बघू नका, आधी डॉक्टरांना विचारा.