बुधवारी रात्री आठ वाजता

(अकोट येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘म्हातारपण आणि आपण’. मी रक्तदाब, गुडघे आणि सरकारी योजनांवर बोलेन अशी तुमची अपेक्षा असणार. त्यावर बोलणारच आहे. पण सुरुवात करणार आहे एका गाण्यापासून. या कामात काही वर्षं काढल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. सल्ला द्यायला गेलं की म्हाताऱ्या बायका मान हलवतात आणि गाणं लावलं की बोलायला लागतात.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही अकोटमधल्या काही वस्त्यांत साठीपुढच्या बायकांची पाहणी करत होतो. मी समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतलेली, हातात छापील प्रश्नावली. दिवसातून किती वेळा जेवता? औषध चालू आहे का? घरात निर्णय कोण घेतं? उत्तरं यायची ती ‘हाव’, ‘नाई’, नाहीतर ‘पोराले इचार’. एका दुपारी चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका आजींच्या ओट्यावर बसले होते. शेजारच्या शिंप्याच्या दुकानात मोबाईलवर एक जुनं हिंदी गाणं लागलं. आजी पुटपुटायला लागल्या. शब्द न् शब्द बरोबर. पहिलं कडवं संपलं आणि त्या थांबल्या.

मी विचारलं, “पुढचं आठवत नाही का, आजी?”

म्हणाल्या, “इसरली नाई पोरी. पुढचं आयकलंच नाई कधी. तेवढ्यात ताटं वाढाले उठा लागे.”

माझ्या प्रश्नावलीत या उत्तरासाठी रकाना नव्हता.

जुन्या गाण्यांबद्दल आपल्याकडे खूप लिहिलं-बोललं जातं. ‘तो काळच वेगळा होता’ असं म्हणून डोळे ओले होतात. त्या आठवणींमध्ये बिनाका गीतमाला हमखास असते. तरुण मुलींसाठी थोडं सांगते. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. मग लोक शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावायला लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. बिनाका म्हणजे दात घासायची पेस्ट, तिच्या जाहिरातीसाठी हा कार्यक्रम होता. अमीन सयानी तो सादर करत. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला आपली विविध भारती आली, तरी गीतमालेची गर्दी काही हटली नाही. १९८९ मध्ये ती विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. खालच्या क्रमांकाची गाणी आधी, मग एकेक पायरी वर चढत शेवटी पहिल्या क्रमांकाचं गाणं. दर बुधवारी, रात्री आठ ते नऊ.

आठ ते नऊ! ही वेळ घरात कशाची असते, हे या मांडवात कुणाला सांगायला नको. चूल पेटलेली, तव्यावर भाकर, बैठकीत पुरुषमंडळी रेडिओभोवती. अमीन सयानी ‘बहनो और भाइयो’ म्हणायचे, म्हणजे बहिणींचा मान पहिला. आणि बहिणी सगळ्या स्वयंपाकघरात! सर्वात वरचं गाणं लागायचं तेव्हा पहिली पंगत जेवून उठलेली असायची आणि बाई खरकटं काढत असायची.

आम्ही मग प्रश्नावली बाजूला ठेवली आणि प्रत्येकीला एकच गोष्ट विचारली : तुमच्या घरी रेडिओ कुठं होता? केवढं काय काय बाहेर आलं! रेडिओ बैठकीत, उंच फळीवर. त्यावरचं क्रोशाचं झाकण बाईनं विणलेलं, धूळही तिनंच पुसायची, पण बटन तिनं फिरवायचं नाही. रेडिओला तेव्हा परवाना लागायचा. पोस्टात पैसे भरून परवान्याच्या पुस्तिकेवर तिकीट लावून आणायचं, ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत होती. एका काकूंनी ती पुस्तिका ट्रंकेत जपून ठेवली आहे. नाव अर्थातच नवऱ्याचं. दुसरीनं फर्माइशीचं पोस्टकार्ड धाकट्या भावाच्या नावानं धाडलं होतं. रेडिओवर आपलं नाव आलं तर गावात काय म्हणतील, ही भीती. भावाचं नाव वाचलं गेलं की नाही, हे तिला अजून माहीत नाही. त्या वेळी ती विहिरीवर होती.

आणि ज्यांच्या घरी रेडिओच नव्हता? एक आजी म्हणाल्या, “आमच्या मोहल्ल्यात कुठचा रेडू? पंचायतीचा भोंगा लागे चावडीवर. तिथं आमच्या बायाईनं थांबाचं नाई. सरपनाची मोळी डोक्यावर घिऊन हळूहळू चालो, तेवढंच गाणं.” म्हणून मैत्रिणींनो, ‘आमच्या वेळची गाणी’ म्हणताना ‘आमच्या’ म्हणजे नेमकं कोणाच्या, हे विचारायला हवं. एका जातीची, एका आळीची आठवण सगळ्या गावाची म्हणून चालत नाही.

आता एक कबुली. आम्ही आठवड्यातून एक दुपार गाण्यांची ठेवली, तेव्हा आमच्याच गटातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं हरकत घेतली. त्यांचा मुद्दा होता की संघटनेचा वेळ सिनेमाच्या गाण्यांत का घालवायचा? त्या गाण्यांत बाई म्हणजे चांदणी, नाहीतर पतीच्या चरणांची धूळ. चळवळीची गाणी का नाही शिकवत? मुद्दा खोटा नाही. त्या गाण्यांतले शब्द ऐकून मलाही कितीदा चीड आली आहे.

पण आणखी मागे जाऊन बघा. आपल्या आज्या, पणज्या जात्यावर स्वतः गात होत्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा करवून घेतल्या. पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले ते चांगलंच झालं, पण जात्याबरोबर गळाही बंद झाला. गाणारी बाई ऐकणारी झाली, तीही अर्धवट. घरात गुणगुणलं तर ‘थेरं’ म्हणायचे. रेडिओतल्या बाईनं मात्र घरभर गायचं! शमशाद बेगमसारख्या गायिकेचा आवाज देशभर पोचला, पण चेहरा कितीतरी वर्षं लोकांनी पाहिला नव्हता. आवाज चालतो, बाई चालत नाही. तेव्हा सत्तर वर्षांची बाई आपल्या पसंतीचं गाणं मागते, पाय सोडून बसते, शेवटपर्यंत ऐकते, याला मी करमणूक म्हणत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी तास मागितला, असं म्हणते. शब्दांची चिकित्सा नंतर त्या स्वतःच करतात, आणि आपल्यापेक्षा झणझणीत करतात.

आमच्या दुपारचे नियम दोनच. लावलेलं गाणं पूर्ण ऐकायचं. आणि गाणं चालू असताना कोणी चहा ठेवायला उठायचं नाही. दुसरा नियम पाळायला सहा आठवडे लागले.

आणि याच दुपारींतून ते सगळे प्रश्न आपोआप पुढे आले, जे माझ्या प्रश्नावलीला सापडले नव्हते. त्यातले काही सांगते, घरी जाऊन उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न कानाचा. एक मावशी सारख्या म्हणायच्या, “आवाज वाढव.” पुरुष गायकाचं गाणं त्यांना कळे, बारीक आवाजाच्या गायिकेचे शब्द कळत नसत. वयाबरोबर कान जातो तेव्हा बारीक, उंच आवाज आधी जातात. म्हणून मुलाचं बोलणं ऐकू येतं, पण सुनेचं आणि नातवाचं येत नाही. ‘सून मुद्दाम पुटपुटते’, ‘सासू मुद्दाम ऐकत नाही’ या भांडणाच्या मुळाशी कधी कधी फक्त कान असतो! सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, कधी नुसता मळही असतो. कानात तेल ओतू नका, काडी घालू नका. बोलणाऱ्यानंही समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलावं. दुर्लक्ष करू नका, कारण कमी ऐकू येणाऱ्या माणसाला स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असं आता डॉक्टर सांगतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तरी दुपारी आमच्या बायका पाण्याला ‘नको’ म्हणायच्या. कारण विचारलं तर हळूच कळलं, लघवीला जायला जागा कुठं आहे? म्हणून त्या घरून निघतानाच पाणी तोडायच्या. यानं चक्कर येते, लघवीची जळजळ होते. डॉक्टरांनी पाणी कमी करायला सांगितलं नसेल तर तहानेची वाट न बघता घोट-घोट पीत राहा. आणि कार्यकर्त्यांनो, बैठकीची जागा ठरवताना माईकच्या आधी संडास बघा.

तिसरा प्रश्न गोळ्यांचा. “बरं वाटून राह्यलं म्हणून सोडली” आणि “जावेची नि माही एकच गोळी हाये”, ही दोन वाक्यं दर आठवड्याला ऐकते. रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो गेला असं होत नाही. आपली गोळी आपलीच, आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. रात्री उठताना पडून मांडीचं हाड मोडलेल्या दोघी आमच्या गटात आहेत. त्यावर आम्ही गाण्याचंच माप काढलं. जाग आली की उठून बसायचं, पाय खाली सोडायचे, मनात एक कडवं म्हणायचं, मग उभं राहायचं. उशाशी बॅटरी ठेवायची. दोन गाणी होईपर्यंत संध्याकाळी चालायचं. घड्याळ बघायची गरज नाही.

चौथा प्रश्न सर्वात जड आहे. एका दुपारी बिदाईचं गाणं लागलं आणि एक काकू उठून बाहेर गेल्या. नंतर बोलल्या. नवरा गेल्यावर तीन एकर शेत त्यांच्या नावावर झालं होतं. मुलानं ‘कर्जाचं काम आहे’ म्हणून नेलं, दाखवलं तिथं अंगठा लावला. ते बक्षीसपत्र होतं. आता ओसरीवर झोपतात. मला म्हणाल्या, “बक्षीस म्हंते त्याले. कोनं कोनाले देल्लं, सांग बरं.” २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली आम्ही उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज केला. त्याला वकील लावावाच लागतो असं नाही. दरमहा तीन हजार रुपये मिळण्याचा आदेश झाला. शेत परत आलं नाही, कारण सांभाळ करण्याची अट कागदात नव्हती. म्हणून हात जोडून सांगते, शक्यतो जिवंतपणी नावावरचं काही देऊ नका. द्यायचंच असेल तर ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द कागदावर लिहून घ्या. मग सांभाळ केला नाही तर याच कायद्याच्या कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून मागता येतो. अडचणीत १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन नंबर आहे. श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली दीड हजार झाली. ती खात्यात येते का, आणि पासबुक कोणाच्या पेटीत असतं, हे दोन्ही विचारा.

हे सगळं सांगताना मी स्वतः स्वच्छ आहे असं समजू नका. माझ्या आईला मी माझा जुना मोबाईल दिला. त्यात तिच्यासाठी भजनं आणि हरिपाठ भरून दिला. तिला काय आवडतं ते विचारलंच नाही! एकदा तिनं संकोचत एका नाचाच्या गाण्याचं नाव सांगितलं आणि मी हसले. त्यानंतर दोन महिने तिनं काहीच मागितलं नाही. मोबाईल उघडायचा आकडाही मीच ठरवलेला. फळीवरचा रेडिओ आणि माझा मोबाईल, यात फरक काय राहिला? आता आकडा तिचा तिनं ठेवलाय, मला माहीत नाही. एवढंच सांगितलंय की फोनवर कोणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, मलासुद्धा नाही.

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. तो मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आमच्या बायकांनी आपणहून ठरवलं की आज दुपारी नाही, रात्री आठला बसायचं. अठरा जणी आल्या. काहींच्या घरी त्या रात्री सुनेनं एकटीनं स्वयंपाक केला, हे मला खटकलं आणि मी ते बोलले. एका आजींनी मात्र मुलाला सांगून ठेवलं होतं, भाकरी जमत नसंल तर खिचडी टाक.

शिंप्याच्या दुकानातलं ते गाणं आम्ही पहिल्या आजींसाठी शेवटी लावलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं, गाणं संपलं. मला वाटलं रडतील. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “इतलंच होतं काय?”

सगळ्या हसल्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “लाव पुन्हा.”

मैत्रिणींनो, येत्या बुधवारी रात्री आठ वाजता आपापल्या घरात एकदा बघा. चुलीपाशी कोण आहे, आणि बटन कोणाच्या हातात आहे? तिथूनच सुरुवात करू या.