वर्दीवरून परतल्यावर

१४ एप्रिल १९४४ या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर प्रचंड स्फोट झाले. आग विझवायला धावलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. आगीत प्राण गेलेल्यांना आपण वंदन करतो, आणि ते करायलाच हवं. पण आज मला बोलायचं आहे ते आगीतून सुखरूप परतलेल्या जवानांबद्दल. नोकरी पुरी करून घरी बसलेला माणूस आणि त्याला वीस-तीस वर्षांनी गाठणारा कर्करोग, हा माझा विषय आहे.

पुण्यातल्या स्वारगेटचा परिसर डोळ्यांसमोर आणा. एसटी आणि पीएमपीच्या बसगाड्या, आता भुयारी मेट्रो, गुलटेकडीला मार्केट यार्ड, शंकरशेठ रस्त्यानं पुढे गेलं की टिंबर मार्केट. भवानी पेठेतलं अग्निशमन दलाचं मध्यवर्ती केंद्रही इथून जवळच. मे २०२३ मध्ये टिंबर मार्केटला पहाटे मोठी आग लागली होती. त्याआधी मार्च २०२१ मध्ये कॅम्पातला फॅशन स्ट्रीट एका रात्रीत खाक झाला. अशा ठिकाणी नुसतं लाकूड किंवा कापूस जळत नाही. प्लायवूडमधला डिंक जळतो, विजेच्या वायरींवरचं प्लास्टिक, फोमच्या गाद्या, टायर, रंगाचे डबे जळतात. त्या धुरात बेंझिन असतं, फॉर्मल्डिहाइड असतं, काजळीला चिकटलेली घातक हायड्रोकार्बन्स असतात. जुन्या गोदामांवरचे सिमेंटचे पत्रे तडकले की त्यांतले अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू हवेत मिसळतात.

काजळीचा आणि कर्करोगाचा संबंध नवा नाही. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच तो धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या बाबतीत दाखवून दिला होता. अग्निशामकांच्या बाबतीत निर्णायक शब्द यायला मात्र २०२२ साल उजाडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फ्रान्समधल्या लिऑन इथं आठ देशांतले २५ शास्त्रज्ञ बोलावले. जगभरचे अभ्यास तपासून त्यांनी अग्निशामकाचं काम हेच माणसात कर्करोग घडवणारं आहे असं ठरवलं आणि त्याला पहिल्या गटात टाकलं. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. मूत्राशयाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा यांबद्दल पुरेसा पुरावा मिळाला. मोठं आतडं, प्रोस्टेट, वृषण, त्वचेचा मेलानोमा आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा यांबद्दलही पुरावा आहे, पण तो मर्यादित आहे.

‘आमच्याकडे बीए सेट आहेत की,’ असं कोणी म्हणेल. पाठीवरचं ते श्वसन उपकरण फुप्फुसं वाचवतं, पण विष कातडीतूनही आत जातं. घामानं भिजलेली, तापलेली त्वचा ते अधिक सहज शोषते, आणि मानेला बरीच काजळी लागते. शिवाय ज्वाळा विझल्यावर कूलिंगचं काम सुरू होतं. ढिगारे उपसायचे, निखाऱ्यांवर पाणी मारायचं. आग आटोक्यात आली म्हणून जवान मुखवटा उतरवतो, तर त्याच वेळी धुमसत्या राखेतून घातक वायू निघत असतात. मग तेच कपडे अंगावर ठेवून तो गाडीत बसतो, केंद्रावर येतो, आणि तिथून काजळी घरापर्यंत पोचते.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की प्रत्येक अग्निशामकाची वर्षातून एकदा कर्करोगाच्या दृष्टीनं तपासणी व्हावी. रक्तदाब आणि साखर पाहून ती संपू नये. तोंड आणि त्वचा नीट पाहावी, वृषणात गाठ नाही ना हे तपासावं, लघवीत डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का ते पाहावं, फुप्फुसांची क्षमता मोजावी. पंचेचाळिशीनंतर शौचातल्या अदृश्य रक्ताची चाचणी जोडावी. प्रोस्टेटची चाचणी कधी करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आता महिलाही या सेवेत येत आहेत. त्यांच्यासाठी स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी हवीच. तिशीनंतरच्या नागरिकांसाठी असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग तपासले जातात. अग्निशामकाला एवढ्यावर थांबून चालणार नाही.

हेही स्पष्ट सांगायला हवं, की सगळे कर्करोग वेळेआधी पकडणारी एकच चाचणी नसते. मेसोथेलिओमासाठी तर खात्रीची चाळणी चाचणी आजही उपलब्ध नाही. त्यामुळे तपासणीइतकंच महत्त्व नोंदीला आहे. आगीची वर्दी कुठून आली, किती गाड्या गेल्या, हे दलाच्या दप्तरी लिहिलं जातं. त्याबरोबर प्रत्येक जवानाची स्वतःची पुस्तिका असावी. कोणत्या आगी, काय जळत होतं, किती तास, मुखवटा होता की नव्हता, हे तीत लिहावं. अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. तेव्हा डॉक्टरांसमोर तीच पुस्तिका बोलेल.

याच कारणानं तपासणी निवृत्तीच्या दिवशी बंद होता कामा नये. पेन्शन सुरू होते त्या वयातच धोका वाढतो. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतानं २००२ मध्ये कायदा करून ठरवलं, की पुरेशी वर्षं सेवा केलेल्या अग्निशामकाला ठरावीक कर्करोग झाले, तर ते कामामुळेच झाले असं गृहीत धरायचं. सिद्ध करण्याचं ओझं आजारी माणसावर टाकायचं नाही. महाराष्ट्रानं असा कायदा करायला हवा.

जवान बंधू-भगिनींनो, काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. कूलिंग संपेपर्यंत मुखवटा काढू नका. जागेवरच मान, चेहरा, हात ओल्या फडक्यानं पुसा. केंद्रावर आल्याबरोबर अंघोळ करा. काजळीचे कपडे घरी नेऊ नका. तंबाखू सोडा, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाचं ते मोठं कारण आहे आणि धुरासोबत धोका आणखी वाढतो. लघवीतून एकदा जरी लाल गेलं, दुखत नसलं तरी, तोंडातला चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, खोकला हटत नाही, तर डॉक्टरकडे जा आणि ‘मी अग्निशामक आहे’ हे आधी सांगा.

आणि महापालिकांना, सरकारला एक विनंती. प्रत्येक जवानाला दोन फायर सूट द्या, म्हणजे एक धुवायला टाकता येईल. केंद्रावर ते धुण्याची सोय करा. वार्षिक तपासणीचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहा आणि निवृत्तांची नावं त्या यादीत ठेवा. १०१ वर आपला फोन गेला की हे जवान कारण विचारत बसत नाहीत. त्यांच्या तपासणीसाठीही कुणाला कारण विचारावं लागू नये.