कपातीची भरपाई आणि कराची कात्री



महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात ‘कपात’ हा शब्द आला की प्रथम पोटाची चिंता उभी राहते. कायदा, हिशेब, कर या गोष्टी नंतर सुचतात. आणि पुष्कळदा त्या सुचेपर्यंत कागदावर सही होऊन गेलेली असते. नोकरी जाताना हाती पडणारी रक्कम ही मिळकत वाटत असली, तरी वस्तुतः ती पुढच्या कित्येक महिन्यांची शिदोरी असते. या शिदोरीतील किती घास सरकार घेते आणि कोणत्या न्यायाने घेते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि १९९० नंतर गिरणगावापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यापर्यंत स्वेच्छानिवृत्तीच्या योजना घरोघरी पोहोचल्या. आज तीच वेळ संगणक क्षेत्रातील तरुणांवर येत आहे. काळ बदलला, परंतु हाती आलेल्या धनादेशावर कर किती, हा प्रश्न तोच राहिला.

कायद्याची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे. नोकरी संपताना मालकाकडून मिळणारी भरपाई आयकर कायद्याच्या दृष्टीने ‘वेतनाऐवजी मिळालेला लाभ’ ठरते, म्हणजेच ती मूलतः करपात्र असते. त्यातून सूट मिळते ती अपवाद म्हणून. कामगारकपातीच्या भरपाईसाठी १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १०(१०बी) मध्ये हा अपवाद होता. १ एप्रिल २०२६ या अंमलाच्या तारखेचा २०२५ चा नवा आयकर कायदा हीच सवलत वेतनातील वजावटींमध्ये ठेवतो. तिचा गाभा जुनाच आहे. प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-एफ कलमाप्रमाणे निघणारी रक्कम आणि ५ लाख रुपये, या तिहींपैकी जी सर्वांत कमी असेल तेवढीच करमुक्त होते.

२५-एफ चे सूत्र सोपे आहे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन. शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून अधिक असेल तर तोही वर्ष म्हणून धरावयाचा. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही १५ दिवसांचा हाच पाया ठेवला आहे. महिना ६०,००० रुपये मिळविणाऱ्या व २४ वर्षे सेवा केलेल्या कुशल कामगाराचा हिशेब पाहा. पंधरा दिवसांचे ३०,००० रुपये धरले, तर २४ वर्षांचे ७ लाख २० हजार होतात. त्यातले ५ लाख करमुक्त; उरलेले २ लाख २० हजार त्याच्या उत्पन्नात मिळवले जातात. कारखाना बंद झाल्यामुळे मिळालेली भरपाईही कपातीची भरपाईच मानली जाते. केंद्र सरकारने खास संरक्षण म्हणून मान्य केलेल्या योजनेतील भरपाईला मात्र ही मर्यादा लागत नाही.

येथे खरी मेख आहे. ५ लाखांची ही मर्यादा १ जानेवारी १९९७ पासूनची आहे. त्यानंतर काय घडले? खाजगी नोकरदाराच्या ग्रॅच्युइटीची करमुक्त मर्यादा २०१० मध्ये १० लाख व २०१८ मध्ये २० लाख झाली. निवृत्तीच्या वेळच्या रजेच्या पगाराची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून ३ लाखांवरून २५ लाख झाली. या वाढी योग्यच होत. परंतु वयोमानाने सन्मानपूर्वक निवृत्त होणाऱ्याची मर्यादा वाढते आणि ऐन उमेदीत, इच्छेविरुद्ध घरी पाठविल्या जाणाऱ्याची जागची हलत नाही, ही विसंगती कोणालाही खटकावी. सरकार स्वतः महागाई मोजते. भांडवली नफ्यासाठीचा त्याचा निर्देशांक २००१-०२ मध्ये १०० होता, तो २०२५-२६ मध्ये ३७६ झाला. त्याच मापाने २००१-०२ मधील ५ लाख आज १८ लाख ८० हजार होतात.

दुसरी विसंगती ‘कामगार’ या व्याख्येची. ही सूट फक्त कायद्याच्या अर्थाने कामगार असणाऱ्यालाच आहे. व्यवस्थापक त्यातून वगळलेले आहेत. पर्यवेक्षकाचे वेतन ठरावीक मर्यादेपुढे गेले की तोही वगळला जातो. ही मर्यादा २०१० पासून १०,००० रुपये होती, नव्या संहितेत ती १८,००० आहे. चाकणच्या एखाद्या कारखान्यात महिना १ लाख रुपयांवर काम करणारा पर्यवेक्षक घ्या. प्रमाणित वजावटीनंतर त्याचे उत्पन्न ११ लाख २५ हजार. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत त्याला कर शून्य. बारा वर्षांच्या सेवेनंतर मार्चअखेर त्याला काढले आणि १२ लाख भरपाई दिली, तर करपात्र उत्पन्न २३ लाख २५ हजार होते आणि उपकरासह कर होतो २ लाख ९२ हजार ५०० रुपये. नोकरी असताना शून्य, नोकरी गेल्यावर जवळजवळ तीन लाख! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

यावर उपाय अगदीच नाही असे नाही. १९६१ च्या कायद्यातील कलम ८९ ची सवलत नव्या कायद्यातही आहे. किमान तीन वर्षे सेवा झालेली असेल आणि निवृत्तीला किमान तीन वर्षे उरलेली असतील, तर भरपाई मागील तीन वर्षांत विभागून कराचा सरासरी दर काढता येतो. मात्र विवरणपत्रापूर्वी ठरावीक नमुना भरावा लागतो. जुन्या कायद्याखाली तो ‘१०ई’ होता. हा नमुना न भरल्यामुळे हक्काची सवलत गमावणारे पुष्कळ आहेत.

स्वेच्छानिवृत्तीचा नियम वेगळा आहे. मान्य निकषांत बसणाऱ्या योजनेतील ५ लाखांपर्यंतची रक्कम करमुक्त असते, तीही आयुष्यात एकदाच. आणि ही सूट घेतली की त्याच रकमेवर विभागणीची सवलत मिळत नाही. भविष्यनिर्वाह निधीबाबतही एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाच वर्षांच्या आत काढलेला निधी एरवी करपात्र असतो. पण मालकाचा धंदा बंद पडल्याने किंवा स्वतःच्या हाताबाहेरील कारणाने नोकरी गेली असेल, तर तो करमुक्त राहतो.

म्हणून सर्वांत महत्त्वाचा आहे तो कागद. पुष्कळ ठिकाणी कपात करावयाची असते, पण सही घेतली जाते राजीनाम्यावर. ‘पुढच्या नोकरीत डाग नको’ हे कारण गोड असते. परंतु राजीनामा ही कायद्याने कपात नव्हे. त्या एका शब्दाने करमुक्तीचा हक्कही जातो आणि दाद मागण्याचा मार्गही अरुंद होतो. सही करण्यापूर्वी पत्रात ‘कपात’ हा शब्द आहे काय, भरपाई, नोटिशीचा पगार, ग्रॅच्युइटी व रजेचा पगार हे आकडे वेगवेगळे दाखविले आहेत काय, हे तपासून घ्यावे. एकत्रित ठोक रक्कम मालकाला सोयीची असते. कामगाराला ती महाग पडते.

कामगार संघटनांनी बोनस व महागाई भत्त्यासाठी लढे दिले. आता मर्यादेच्या या गोठलेल्या आकड्याकडे त्यांनी वळावे. मागणी छोटी आहे: ग्रॅच्युइटीची मर्यादा ज्या न्यायाने वाढली, त्याच न्यायाने कपातीच्या भरपाईचीही वाढावी आणि व्याख्येबाहेर राहिलेल्या मध्यमवर्गीय नोकरदारालाही तिचा लाभ मिळावा. कर देणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. पण ज्याच्या हातचे काम गेले, त्याच्याकडून तो कर घेताना शासनाचा हात थोडा हलका असावा, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.