दोन ओळींचें उत्तर



कचेरींतला किंवा शाळेंतला पत्रव्यवहार म्हटला कीं तो कोरडा असावयाचाच, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. आपल्या जुन्या दप्तरांनीं ती खास दिलेली नाहीं. पेशवे दप्तरांतील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. तीं किंवा त्या काळचीं इतर मराठी पत्रें चाळणाऱ्यास पुष्कळ उत्तरांत एक रीत आढळते. आधीं समोरच्याचें पत्र पावल्याचें कळवावयाचें, मग त्याचा मजकूर थोडक्यांत सांगून ‘म्हणोन लिहिलें तें कळलें’ असें म्हणावयाचें, आणि मग काय तें उत्तर. शेवटीं ‘बहुत काय लिहिणें?’ फौजा, खंडणी व सावकारांचे तगादे यांच्या धामधुमींतहि लिहिणारे ही रीत सोडीत नसत. त्या चार शब्दांनीं वाचणाराला कळे कीं आपलें पत्र कोणीतरी खरोखरच वाचलें आहे.

आज ‘आपला अर्ज मिळाला, योग्य ती कार्यवाही करण्यांत येईल’ असें उत्तर येतें. अलीकडे तर तें यंत्रच धाडतें, क्षणार्धांत आणि मोठ्या अदबीनें. अर्ज नोकरीचा होता कीं निवृत्तिवेतनाचा, हेंहि त्यावरून समजत नाहीं.

माझें सारें आयुष्य शाळेंत गेलें. आमचे एक मुख्याध्यापक पालकांच्या चिठ्ठ्यांना त्याच चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर लिहीत. ‘फी दिवाळीपर्यंत थांबेल. मुलाचा इतिहासाचा पेपर चांगला आहे, त्याला कामाला लावूं नये.’ बस्स, एवढेंच. एका गिरणी-कामगारानें असली चिठ्ठी शिधापत्रिकेच्या घडींत वर्षानुवर्षें जपलेली मीं पाहिली आहे. शिक्षण-खात्याचीं लांबलचक परिपत्रकें कोणी जपल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं !

थोडक्यांत लिहिण्याची संवय आपल्याकडे पोस्टकार्डानेंहि लाविली. तें हिंदुस्थानांत १८७९ सालीं निघालें, किंमत पाव आणा. जागाच तेवढी, मग पाल्हाळ कोठें मांडणार ? गांधीजींनीं त्याचा मनमुराद उपयोग केला. १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांतून ते साबरमती-आश्रमाला नियमानें टपाल धाडीत. त्यांत आश्रमवासीयांना, लहान मुलांनासुद्धां, स्वतंत्र चिठ्ठ्या असत. कित्येक अवघ्या दोन-चार ओळींच्या. पण एकाची चिठ्ठी दुसऱ्यास चालली नसती. एवढ्या व्यापाच्या माणसाला हें साधलें, तर ‘वेळ नाहीं’ ही आमची सबब मला लंगडी वाटते. ज्यानें पत्र वाचलें त्याला त्यांतला एक मुद्दा उचलून दोन ओळी लिहावयास असा कितीसा वेळ लागतो ? वेळ लागतो तो न वाचतां उत्तर देण्याची युक्ति शोधण्यास.

मात्र थोडक्यांत लिहिणें म्हणजे तुटक लिहिणें नव्हे. ‘विनंती अमान्य’ हेंहि दोनच शब्दांचें उत्तर. पण तें वाचून माणसानें पुढें काय करावें? नकाराच्या वेळीं तर ही जबाबदारी दुप्पट. होकार आठ दिवस उशिरा आला तरी गोड लागतो. नकार उशिरा आला कीं दुसरी वाटहि बंद होते. आमच्या मुख्याध्यापकांनीं एका विधवा आईला कळविलें होतें, ‘सवलतीच्या जागा ३, अर्ज २१ आले. आपल्या मुलास यंदा देतां येत नाहीं, याचें वाईट वाटतें. नगरपालिकेच्या शिष्यवृत्तीची मुदत १५ तारखेपर्यंत आहे. दाखला तयार करून ठेवला आहे, उद्यां घेऊन जावा.’ त्या दिवशीं तारीख ११ होती. बाई दुसऱ्या दिवशीं शाळा उघडण्यापूर्वींच दाराशीं येऊन उभ्या होत्या.